परतीचा पत्ता

मागच्या सेमिस्टरला आमच्या ग्रुपने मिनी प्रोजेक्ट म्हणून एक काउंटर बनवला होता. मेसच्या दाराच्या एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी, समोर सेन्सर आणि डब्यात एक ८०५१. कोणी दारातून आत गेलं की किरण तुटणार, इंटरप्ट येणार आणि डिस्प्लेवरचा आकडा एकाने वाढणार. आयडिया काही फार ग्रेट नव्हती. पण मेसच्या काकांना रोज किती पोळ्या लाटायच्या याचा अंदाज येईल, असं आम्ही रिपोर्टच्या पहिल्या पानावर ठोकून दिलं होतं. प्रोग्राम असेंब्लीत लिहायचा होता, सी चालणार नव्हती.

बेंचवर सगळं छान दिसायचं. डिस्प्लेवर दोन शून्यं, एलईडी लुकलुकतोय, सगळे खूश. पण मध्ये हात घातला की खेळ खल्लास. कधी ०१ च्या जागी भलताच आकडा उमटायचा, कधी सगळं थिजून जायचं, कधी चिप आपली आपणच पहिल्यापासून सुरू व्हायची. तीन रात्री आम्ही जागलो. सेन्सर बदलला, क्रिस्टल बदलला, दिसेल तिथे कपॅसिटर लावले, ब्रेडबोर्डला मनसोक्त शिव्या घातल्या. शेवटी ओरलचा दिवस उजाडला. एक्सटर्नल सरांनी सेन्सरपुढे बोट धरलं, डिस्प्लेवर कचरा आला. सर चिडले नाहीत. स्टॅक पॉइंटर किती ठेवला आहे, एवढंच त्यांनी विचारलं. आम्ही चौघं एकमेकांकडे बघत राहिलो. आम्ही तो ठेवलाच नव्हता.

मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या मित्रांसाठी थोडं सांगते. ८०५१ च्या पोटात फक्त १२८ बाइट रॅम असते. प्रोग्राम एक काम अर्धवट सोडून दुसऱ्या कामाला जातो तेव्हा परत कुठे यायचं तो पत्ता चिप याच रॅममध्ये लिहून ठेवते. त्या जागेला स्टॅक म्हणतात, आणि स्टॅक कुठपर्यंत आलाय हे स्टॅक पॉइंटर सांगतो. रीसेट झाल्यावर हा पॉइंटर ०७ वर असतो, म्हणजे पहिली नोंद ०८ या जागी पडते. गंमत अशी, की हीच ०८ जागा दुसऱ्या रजिस्टर बँकेतल्या आर-झीरोची सुद्धा असते. घर एक, पाट्या दोन! आणि आम्ही शहाण्यांनी माणसं मोजायला नेमका तोच आर-झीरो घेतला होता. म्हणजे कोणी दारातून गेलं की आम्ही माणसांचा आकडा नाही, तर परतीचा पत्ता एकाने वाढवत होतो. चिप बिचारी परत यायची ती चुकीच्या घरी. आणि डिस्प्लेवर जो कचरा दिसत होता, तो कचरा नव्हताच. तो एकाने चुकलेला पत्ता होता.

नंतर लॅबमध्ये आमच्या सरांनी सांगितलं, की परतीचा पत्ता मेमरीत एकावर एक रचून ठेवायचा हा विचार अगदी सुरुवातीला ज्यांनी मांडला त्यात अ‍ॅलन ट्युरिंग होता, आणि तेव्हा असं यंत्र अजून बनलंही नव्हतं. मला हे नवीन होतं. ट्युरिंग म्हटलं की मला कॉम्प्युटरवाल्यांच्या पुस्तकातली ती न संपणारी टेप आठवायची, आणि फार तर जर्मन कोड फोडल्याची गोष्ट. हा माणूस आमच्यासारखा बिट आणि बाइटशी झटापट करत बसला असेल असं कधी वाटलं नव्हतं. मग लायब्ररीत बसून त्याच्याबद्दल वाचलं. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठी लिहिताना हात अडखळतो, पण ही गोष्ट मराठीतच सांगावीशी वाटली. चुका पदरात घ्या.

ट्युरिंगचा आपल्या देशाशी जवळचा संबंध होता. त्याचे वडील ज्युलियस हे मद्रास प्रांतात इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये होते. आई सारा हिचा जन्म कोइमतूरजवळच्या पोदनूरचा. तिचे वडील मद्रास रेल्वेचे चीफ इंजिनिअर होते, म्हणजे आजोबा आपल्याच जातकुळीतले! अ‍ॅलनचा जन्म मात्र लंडनमध्ये झाला, २३ जून १९१२ रोजी. हिंदुस्थानची हवा मुलांना सोसणार नाही म्हणून आई-वडिलांनी त्याला आणि मोठ्या भावाला इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर एका निवृत्त लष्करी जोडप्याकडे ठेवलं. आई-वडील समुद्रापलीकडे आणि मुलं परक्या घरात. हॉस्टेलवर राहणाऱ्यांना यातलं दुःख समजावून सांगायला नको. आपण निदान अठराव्या वर्षी घर सोडतो, तो तर तेव्हा अगदीच लहान होता.

१९२६ मध्ये त्याला शेरबोर्नच्या शाळेत घातलं. शाळा सुरू व्हायच्या वेळेलाच देशभर संप झाला आणि रेल्वे बंद पडल्या. तेरा वर्षांच्या अ‍ॅलनने साउदम्प्टनला बोटीतून उतरून सायकल काढली, वाटेत एका खानावळीत मुक्काम केला आणि सुमारे १०० किलोमीटर अंतर कापून तो शाळेत हजर झाला. शाळेत त्याचं अक्षर वाईट, कपडे गबाळे आणि लॅटिनमध्ये आनंदीआनंद. गणित मात्र तो स्वतःच्या पद्धतीने सोडवायचा, त्यामुळे मास्तर वैतागायचे. तिथेच त्याला ख्रिस्तोफर मॉरकॉम नावाचा मित्र भेटला. दोघं मिळून आकाशातले तारे बघायचे, केमिस्ट्रीचे प्रयोग करायचे. फेब्रुवारी १९३० मध्ये ख्रिस्तोफर क्षयाने गेला. अ‍ॅलनला तो धक्का फार मोठा होता. शरीर संपल्यावर मनाचं काय होतं, मन म्हणजे नेमकं काय, हे प्रश्न तेव्हापासून त्याच्या डोक्यात शिरले ते कायमचे.

१९३१ मध्ये तो केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात गेला आणि १९३५ मध्ये, वयाच्या २२ व्या वर्षी, तिथला फेलो झाला. १९३६ मध्ये त्याने तो प्रसिद्ध पेपर लिहिला. गणिताचा कुठलाही प्रश्न ठरावीक पायऱ्यांनी सुटेल की नाही हे सांगणारी एखादी यांत्रिक पद्धत असू शकते का, असा तेव्हाचा मोठा प्रश्न होता. अशी पद्धत असू शकत नाही हे दाखवण्यासाठी त्याने एका काल्पनिक यंत्राची कल्पना केली. त्या यंत्राला चौकोनांची एक टेप, आणि ती हवी तेवढी लांब. एका वेळी एकाच चौकोनात बघायचं, लिहायचं किंवा पुसायचं, आणि एक घर सरकायचं. त्यातली मोठी गोष्ट म्हणजे प्रोग्रामसुद्धा त्याच टेपवर, डेटाच्या शेजारी लिहिता येतो. आज आपण ज्याला स्टोअर्ड प्रोग्राम म्हणतो त्याचं मूळ इथे आहे. पण लक्षात घ्या, इथली मेमरी कागदावरची आहे. ती कधी संपत नाही, कधी विसरत नाही, आणि तिच्यात एका घराला दोन पाट्या नसतात. खऱ्या मेमरीचे चोचले त्याला पुढे कळायचे होते.

मधल्या काळात तो अमेरिकेत प्रिन्स्टनला जाऊन अलोन्झो चर्चच्या हाताखाली पीएच.डी. करून आला आणि सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच ब्लेचली पार्कला रुजू झाला. एनिग्माची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगते. पोलंडच्या गणितज्ञांनी पाया घातला होता. त्यावर ट्युरिंगने बॉम्ब नावाचं यंत्र आखलं, गॉर्डन वेल्चमनने त्यात महत्त्वाची सुधारणा केली आणि १९४० मध्ये पहिलं यंत्र चालू झालं. जर्मन नौदलाचे संदेश फोडणाऱ्या हट ८ या विभागाचा तो प्रमुख होता. तिथे त्याच्या विक्षिप्तपणाचे किस्से भरपूर झाले. चहाचा मग कोणी पळवू नये म्हणून तो रेडिएटरला साखळीने बांधून ठेवायचा. (आमच्या हॉस्टेलवर बादल्यांना कुलूप लावतात, त्यामुळे मला यात विक्षिप्त काही वाटलं नाही.) त्याच्या सायकलची चेन ठरावीक फेऱ्यांनंतर पडायची. दुसरा कोणी असता तर त्याने दुकानात नेली असती. ट्युरिंग म्हणे फेऱ्या मोजत जायचा आणि चेन पडायच्या आत ती सावरायचा. दोष कुठे आहे यापेक्षा तो नेमका कितव्या फेरीला येतो हे मोजत सुटण्याची ही खोड डीबगिंग करणाऱ्या प्रत्येकाला ओळखीची वाटेल.

युद्ध संपल्यावर ऑक्टोबर १९४५ मध्ये तो लंडनजवळ टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत आला. एनपीएल म्हणतात ती हीच. काम एकच, कागदावरचं यंत्र खरं करायचं. त्याने आखलेल्या कॉम्प्युटरचं नाव होतं एस, म्हणजे ऑटोमॅटिक कम्प्युटिंग इंजिन. मार्च १९४६ मध्ये त्याचा रिपोर्ट लॅबच्या समितीपुढे गेला. नुसती कल्पना नाही, तर सर्किटं, प्रोग्रामचे नमुने आणि ११,२०० पौंड असा खर्चाचा अंदाजसुद्धा त्यात होता.

आता मेमरीकडे या. सेमिकंडक्टर रॅम तेव्हा नव्हती. ट्युरिंगने पाऱ्याच्या नळ्या वापरायचं ठरवलं. सुमारे दीड मीटर लांबीची नळी, आत पारा, दोन्ही टोकांना क्वार्ट्झचे स्फटिक. एका टोकाला विजेचा पल्स दिला की त्याचा ध्वनी होऊन तो पाऱ्यातून दुसऱ्या टोकाला जाणार. तिथे त्याची पुन्हा वीज करायची, साफसूफ करायची आणि परत पहिल्या टोकाला सोडायची. आपण फोन नंबर विसरू नये म्हणून तो तोंडातल्या तोंडात पुटपुटत राहतो ना, अगदी तसंच. पुटपुटणं थांबलं की आठवण गेली. एका नळीत ३२ बिटांचे ३२ शब्द, म्हणजे १०२४ बिट मावायचे. मी कॅल्क्युलेटर न घेता हिशोब केला. १०२४ बिट म्हणजे १२८ बाइट. माझ्या ८०५१ ची सगळी रॅम म्हणजे पाऱ्याची एक नळी!

पण या नळीचा एक स्वभाव होता. एक फेरी पूर्ण व्हायला साधारण एक मिलिसेकंद लागायचा. हवा असलेला शब्द नुकताच टोकाशी येऊन परत आत गेला असेल, तर तो पुन्हा येईपर्यंत थांबायचं. एक शब्द बाहेर पडायला ३२ मायक्रोसेकंद, आणि चुकला तर वाट बघायची त्याच्या ३१ पट. म्हणजे बस चुकल्यासारखं. ट्युरिंगने यावर उपाय काढला तो खास त्याचा. सूचना ओळीने एकापाठोपाठ ठेवायच्याच कशाला? प्रत्येक सूचनेतच पुढची सूचना कुठे आहे ते लिहायचं, आणि पुढची अशा जागी ठेवायची की आधीचं काम संपताना ती नळीतून बाहेर पडत असेल. बस स्टॉपवर यायची वेळ बघून घरातून निघायचं. यामुळे प्रोग्राम लिहिणाऱ्याचं डोकं उठायचं, कारण मेमरीत काय आहे एवढं माहीत असून भागत नव्हतं, ते कोणत्या क्षणी कुठे आहे तेही माहीत असावं लागायचं. पण त्यामुळे कमी सामानात यंत्र वेगाने चालायचं. पाऱ्यावर तापमानाचा परिणाम होतो म्हणून पाणी आणि अल्कोहोलचं मिश्रण वापरण्याचाही विचार त्याने केला होता. त्यातून नळ्यांमध्ये जिन भरा असं ट्युरिंगने सुचवल्याचा किस्सा अजून सांगितला जातो.

आणि आता आमच्या चुकीचं उत्तर. त्याच रिपोर्टमध्ये त्याने लिहिलं होतं, की मोठं काम करताना मध्येच एखादं छोटं काम करायचं असेल तर आपण कुठे होतो याची नोंद करून मग जावं. छोट्या कामाच्या आत आणखी छोटं काम असू शकतं, म्हणून या नोंदी एका नळीत ओळीने ठेवाव्यात, सर्वांत ताजी शेवटी. शेवटची नोंद कुठे आहे ते एका ठरलेल्या वेगळ्या जागी लिहावं, आणि प्रत्येक वेळी जाताना आणि येताना ते बदलावं. नोंद ठेवण्याच्या क्रियेला त्याने नाव दिलं बरी, म्हणजे पुरणे, आणि काढण्याच्या क्रियेला अनबरी, म्हणजे उकरणे. आज आपण त्याला पुश आणि पॉप म्हणतो. ती ठरलेली वेगळी जागा म्हणजेच स्टॅक पॉइंटर. पुढे १९५७ मध्ये जर्मनीत बाउअर आणि सामेलसन यांनी स्टॅकच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा ट्युरिंगचा रिपोर्ट दहा वर्षांहून जुना झाला होता. हे वाचताना मला खरंच लाज वाटली. ती जागा ठरलेली आणि वेगळी असावी हे त्याने १९४६ मध्ये लिहून ठेवलं होतं, आणि आम्ही ती न ठरवताच ओरलला गेलो होतो.

एसचं पुढे काय झालं? जे सरकारी कामाचं होतं तेच. नळ्या कोणी बनवायच्या, पोस्ट खात्याने की लॅबने, यात महिने गेले. ट्युरिंगचा स्वभाव समित्यांत बसण्याचा नव्हता. तो वैतागला की धावायचा. धावणं म्हणजे आपलं सबमिशनच्या दिवशीचं नाही, खरोखरचं. १९४७ मध्ये त्याने मॅरेथॉन २ तास ४६ मिनिटं ३ सेकंदांत पूर्ण केली. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सोन्याचं पदक ज्या वेळेला मिळालं, त्यापेक्षा ही वेळ साधारण ११ मिनिटांनीच जास्त होती. १९४७ च्या शरद ऋतूत तो वर्षभराच्या रजेवर केंब्रिजला गेला आणि १९४८ मध्ये त्याने लॅबचा राजीनामा दिला. त्याच्या आराखड्याची छोटी आवृत्ती, पायलट एस, जिम विल्किन्सन आणि सहकाऱ्यांनी पूर्ण केली. १० मे १९५० रोजी तिने पहिला प्रोग्राम चालवला. सुरुवातीला मेमरी फक्त १२८ शब्दांची, पण घड्याळ १ मेगाहर्ट्झचं, त्या काळात फार वेगवान. हे यंत्र आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. ज्याने ते डोक्यात उभं केलं, तो ते सुरू होताना तिथे नोकरीला नव्हता.

तो तेव्हा मँचेस्टरला होता. तिथे विल्यम्स आणि किलबर्न यांनी वेगळीच मेमरी काढली होती. टीव्हीसारख्या पिक्चर ट्यूबच्या पडद्यावर विजेच्या भाराचे ठिपके ठेवायचे, ठिपका म्हणजे एक बिट. भार क्षणात विरून जायचा, म्हणून सगळे ठिपके सतत वाचून पुन्हा लिहावे लागायचे. आपल्या डायनॅमिक रॅमला रिफ्रेश लागतो तो याच कारणाने. २१ जून १९४८ रोजी त्यांच्या बेबी नावाच्या यंत्राने पहिला प्रोग्राम ५२ मिनिटं चालून पूर्ण केला. मेमरी किती? ३२ शब्द, प्रत्येकी ३२ बिट. पुन्हा आपले १२८ बाइट.

पुढे फेरांती कंपनीने या यंत्राची मोठी आवृत्ती बनवली. ती फेब्रुवारी १९५१ मध्ये विद्यापीठात आली, आणि तिचं प्रोग्रामिंग मॅन्युअल ट्युरिंगने लिहिलं. ते वाचणाऱ्याची कसोटी बघणारं होतं. असेंब्लर वगैरे भानगड नव्हती. पाच-पाच बिटांचे गट करून प्रत्येक गटाला टेलिप्रिंटरचं एक अक्षर दिलेलं. शून्य म्हणजे तिरकी रेघ, १ म्हणजे ई, २ म्हणजे ॲटचं चिन्ह, ३ म्हणजे ए. अशी ३२ चिन्हं पाठ करायची आणि त्यातच बेरीज-गुणाकार करायचे. त्यातून बिटांचा क्रम उलटा. आपण सहा हा आकडा ११० असा लिहितो, तिथे तो ०११, एककाचं घर डावीकडे. लिटल एंडियन की बिग एंडियन यावर ज्यांनी डोकं फोडलंय त्यांना ही कहाणी बाइटऐवजी बिटांची म्हणून कळेल. ट्युरिंगला यात अवघड काय आहे हेच कळायचं नाही. १९४९ मध्ये केंब्रिजच्या एका परिषदेत फळ्यावर साधे दशमान आकडे लिहितानाही त्याने ते उलटे लिहायला सुरुवात केली आणि अख्खा हॉल गोंधळून गेला. मॉरिस विल्क्स तिथे हजर होते. ट्युरिंग मुद्दाम असं करत नव्हता, एवढ्या क्षुल्लक गोष्टीने कोणाचं अडेल हे त्याच्या ध्यानातच आलं नाही, असं त्यांचं मत झालं.

पण त्या दिवशी तो ज्याबद्दल बोलत होता ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. विषय होता, मोठा प्रोग्राम बरोबर आहे हे तपासायचं कसं. त्याने फॅक्टोरियल काढणारा एक छोटा प्रोग्राम घेतला आणि एक तक्ता केला. मेमरीतल्या २७ ते ३१ या पाच जागा उभ्या लिहिल्या आणि प्रोग्रामच्या प्रत्येक टप्प्याला त्या प्रत्येक जागेत काय असायला हवं ते समोर मांडलं. प्रत्येक टप्पा वेगळा तपासला की सगळा प्रोग्राम तपासला गेला. आज याला असर्शन म्हणतात आणि त्यावर मोठे ग्रंथ आहेत. मूळ गोष्ट साधी आहे. कुठल्या घरात कोण राहतं हे आधी लिहून काढा. आम्ही तीन रात्री कपॅसिटर बदलण्याऐवजी असा एक कागद केला असता, तर ०८ समोर दोन नावं आली असती आणि दहा मिनिटांत झोपायला गेलो असतो.

त्या यंत्राला हूट नावाचं एक साधनही होतं. एका सूचनेने लाउडस्पीकरला टिचकी बसायची, आणि ती सूचना लूपमध्ये टाकली की सूर निघायचा. आवाजावरून प्रोग्राम कुठे पोचला ते कळावं हा हेतू. आपण पोर्टच्या पिनला बझर लावून डीबग करतो, त्याचा हा खापरपणजोबा. ट्युरिंगने मॅन्युअलमध्ये त्याची माहिती दिली होती. ख्रिस्तोफर स्ट्रेची नावाच्या शाळामास्तराने ते वाचलं आणि १९५१ मध्ये यंत्राकडून इंग्लंडचं राष्ट्रगीत वाजवून घेतलं.

१९५० मध्ये त्याने यंत्र विचार करू शकेल का हा गाजलेला लेख लिहिला. त्यातही तो मेमरीचा हिशोब करायला विसरला नाही. पन्नास वर्षांनी यंत्रांची मेमरी सुमारे एक अब्ज बिट असेल असं त्याचं भाकीत होतं. एक अब्ज बिट म्हणजे सुमारे १२५ मेगाबाइट. २००० सालच्या आसपास घरोघरी येणाऱ्या पीसीत ६४ किंवा १२८ मेगाबाइट रॅम असायची. पाऱ्याच्या नळ्या मोजणाऱ्या माणसाचा हा अंदाज थक्क करतो. यंत्र माणसासारखं बोलेल हा भाग मात्र त्या मुदतीत जमला नाही, त्याला आणखी वीसएक वर्षं लागली.

यानंतरची गोष्ट लिहायला जड जाते. १९५१ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. प्राण्यांच्या अंगावर पट्टे आणि ठिपके कसे उमटतात यावर तो त्याच कॉम्प्युटरवर काम करत होता. जानेवारी १९५२ मध्ये त्याच्या घरी चोरी झाली. त्याने सरळपणे पोलिसांत तक्रार केली. चौकशीत त्याचे एका पुरुषाशी संबंध असल्याचं बाहेर आलं, आणि त्याने ते नाकारलं नाही. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये तो गुन्हा होता. चोर राहिला बाजूला, फिर्यादीच आरोपी झाला. ३१ मार्च १९५२ रोजी तो दोषी ठरला. तुरुंग किंवा हार्मोनचं औषध, असे दोन पर्याय होते. त्याने वर्षभर औषध घेतलं. त्याच्या शरीरावर त्याचे परिणाम झाले. सरकारी गुप्त कामाचं दारही त्याला बंद झालं. युद्धात त्याने काय केलं होतं हे कोर्टात कोणी सांगू शकत नव्हतं, कारण ते १९७० च्या दशकापर्यंत गुप्तच राहिलं.

७ जून १९५४ रोजी विल्म्स्लोच्या घरी सायनाइडने त्याचा मृत्यू झाला. दुसऱ्या दिवशी घरकाम करणाऱ्या बाईंना तो सापडला. शेजारी अर्धवट खाल्लेलं सफरचंद होतं, पण ते तपासलंच गेलं नाही. चौकशीत आत्महत्या असा निकाल लागला. त्याच्या आईला ते कधीच पटलं नाही. घरी रसायनांचे प्रयोग करताना निष्काळजीपणाने अपघात झाला, असं ती शेवटपर्यंत मानत होती. वय होतं फक्त ४१.

१९६६ पासून त्याच्या नावाने कॉम्प्युटरमधला सर्वांत मोठा पुरस्कार दिला जातो. २००९ मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांनी माफी मागितली, २०१३ मध्ये राणीने त्याला क्षमा दिली, आणि २०२१ मध्ये त्याच्या वाढदिवशी, २३ जूनला, त्याचं चित्र असलेली ५० पौंडांची नोट निघाली. आपल्याकडे इंग्रजांनीच १८६० मध्ये आणलेलं कलम ३७७ सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द केलं. नोट आणि पुरस्कार चांगलेच आहेत, पण ते त्याला कळणार नाहीत. कुठेही जा, पण परत यायची जागा आधी राखून ठेवा, हे ज्याने यंत्राला शिकवलं, त्याला त्याच्या देशाने परत यायला जागा ठेवली नाही. आपल्या हॉस्टेलवर, आपल्याच विंगमध्ये, थोडा वेगळा, थोडा विक्षिप्त, एकटा जेवणारा एखादा कोणी असतोच. त्याची टर उडवण्याआधी एवढं आठवलं तरी पुष्कळ.

आमच्या काउंटरचं सांगायचं राहिलं. स्टॅक ३० हेक्सपासून सुरू होईल अशी एक ओळ प्रोग्रामच्या सुरुवातीला टाकली, बस. तेव्हापासून तो न चुकता मोजतो. मार्क कापले गेले ते गेलेच. पुढच्या वर्षी ज्यांना हा विषय आहे त्यांनी जर्नलच्या पहिल्या पानावर मेमरीचा तक्ता करावा, प्रत्येक घरासमोर एकच नाव येतंय ना ते बघावं, आणि मग सोल्डरिंगला बसावं. रात्री झोप मिळेल. आणि हो, मेसचे काका अजूनही पोळ्या स्वतःच्या अंदाजानेच लाटतात. डिस्प्लेकडे ते बघतसुद्धा नाहीत.